मधमाश्यांसाठी इंदूरच्या घरी काय लावावे: झेंडू, सब्जा, अँटिगोनॉन की शेवगा?

रामबागेतल्या जुन्या घराचे अंगण असो की नव्या वसाहतीतील चौथ्या मजल्याची गॅलरी, मधमाश्यांसाठी काही लावायचे ठरले की बहुतेक जण नर्सरीत जातात आणि त्या दिवशी जे फुललेले दिसेल ते घेऊन येतात. मीही दोन वर्षे हेच केले. आता माझे मत असे आहे की रंग सर्वांत शेवटी पाहावा. फूल एकेरी आहे की भरगच्च आणि ते कोणत्या महिन्यात उमलते, या दोन गोष्टींवरून बरीचशी निवड आपोआप होते.

झेंडूचेच पाहा. दसऱ्याच्या हारासाठी आपण जो टपोरा झेंडू घेतो, त्यात मधल्या भागातील नळीसारख्या बारीक फुलांची जागा पाकळ्यांनीच घेतलेली असते, आणि माशीला हवे ते मध-पराग नेमके त्या बारीक फुलांत असतात. एका दसऱ्याला मी अशा झेंडूच्या बारा कुंड्या आणून मांडल्या आणि ऊन चढल्यावर तासभर समोर बसलो. माश्या त्यांच्यावरून फिरून कठड्याजवळच्या सब्ज्याच्या एकुलत्या एका कुंडीकडे जात राहिल्या. झेंडूच हवा असेल तर पाकळ्यांचे एकच कडे आणि मधोमध पिवळी गादी असलेला बुटका झेंडू घ्यावा. गुलाब आणि शेवंतीलाही हाच नियम लागू पडतो. बोगनवेलीचा रंग तर फुलांचा नसून पानांचाच असतो. खरे फूल म्हणजे मधली अरुंद पांढरी नळी, जिच्या तळापर्यंत सातेरीची, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाशीची, जीभ सहसा पोहोचत नाही. बोगनवेल शोभेसाठी अवश्य लावावी, मधमाश्यांच्या हिशेबात मात्र धरू नये.

गॅलरीत जागा थोडी आणि ऊन चार-पाच तासांचे असेल, तर खरी तुलना तुळस आणि सब्जा यांच्यात आहे. दोन्ही एकाच कुळातील, दोन्हींची फुले बारीक व ओठांसारखी, आणि दोन्हींवर सातेरीपासून इवल्याशा फुलोरी मधमाशीपर्यंत सगळ्या येतात. सब्जा बी पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतो, स्वस्त पडतो आणि मोठ्या कुंडीत चांगला पसरतो; तुळस जास्त टिकते, पण मालव्याच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत ती खंगते. तुळशीची दुसरी अडचण आपणच निर्माण करतो. झाड दाट व्हावे म्हणून घरोघरी मंजिऱ्या खुडल्या जातात, आणि मंजिरी खुडली की माशीचे ताटच उचलले जाते. यावर माझा तोडगा असा, की वृंदावनातील तुळस घरच्या रीतीप्रमाणे राखावी आणि दुसरे रोप एका बाजूला, हात न लावता, मंजिऱ्यांनी भरू द्यावे. सकाळी आठच्या सुमारास त्या मंजिरीवर सातेरी बसली की तिच्या भाराने देठ वाकतो, ती खालून वर एकेक फूल तपासत जाते आणि ती उडाली की देठ हलकेच सरळ होतो.

गच्चीला कठडा किंवा मांडव असेल, तर नर्सरीत कोरल व्हाइन या नावाने मिळणारा गुलाबी अँटिगोनॉन या वेलीला तोड नाही. मूळची मेक्सिकोची ही वेल आपल्याकडचे ऊन सहज सोसते, पावसाळ्यातही फुलत राहते, आणि पावसाच्या उघडिपीत, जेव्हा इतरत्र फुलांतील मध धुऊन गेलेला असतो, तेव्हा तिच्यावर माश्यांची गर्दी होते. मात्र ती आवरावी लागते. जमिनीत लावल्यास गाठींतून पुन्हा फुटते आणि शेजारच्या भिंतीवर चढते. उलट अंगण असलेल्याने शेवग्याचा विचार करावा. हिवाळा सरता सरता, म्हणजे कडुनिंब आणि करंज फुलण्याच्या आधी, शेवग्याचे झुबके उमलतात. त्यांवर काळे भुंगेही येतात, आणि घरात शेंगा मिळतात तो फायदा वेगळाच. त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, म्हणून तो भिंतीपासून दूर लावावा आणि दरवर्षी छाटावा. कुंडीत त्याचा नाद करू नये.

स्वयंपाकाच्या झाडांकडे मात्र आपण विनाकारण दुर्लक्ष करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेली कोथिंबीर आपण फुलण्याआधीच उपटतो. तिचा एक वाफा तसाच सोडला तर जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या उघड्या, छत्रीसारख्या फुलोऱ्यावर आखूड जिभेच्या लहान माश्यांनाही सहज मध मिळतो. ग्वाल्हेर-मुरैना भागात मोहरी फुलली की मधपाळ पेट्या घेऊन तेथे जातात. आपल्या वाफ्यातील मूठभर मोहरीची त्या शेतांशी बरोबरी नाही, तरी कोथिंबिरीच्या जोडीला ती चांगली. बडीशेप त्यानंतर फुलते, आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात कढीपत्त्याची पांढरी, सुवासिक फुले उपयोगी पडतात. टोमॅटो आणि वांगी लावणाऱ्याने एवढे जाणून असावे, की त्यांचे पराग फूल थरथरवल्यावरच नीट सुटतात. ते काम निळ्या पट्ट्यांची माशी आणि भुंगा करतात, मधमाशीला ते जमत नाही.

तयार रोप घ्यावे की बी पेरावे, हा प्रश्न उरतो. मावा या रस शोषणाऱ्या किडीसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक झाडात भिनून मधात आणि परागांतही उतरते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याचा उघड्यावरील वापर याच कारणाने बंद केला. नर्सरीतील रोपावर काय फवारले आहे हे विचारून घ्यावे, आणि ते सांगता येत नसेल तर सब्जा, कोथिंबीर, बडीशेप, मोहरी ही सारी बियांपासूनच करावीत. घरी फवारणी करावीच लागली, तर निंबोळी तेलही सूर्यास्तानंतर आणि फुले टाळून मारावे. गुलाबाच्या पानांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर मात्र फवारणीला हात घालू नये. ते अळीचे काम नसून, घरट्याच्या अस्तरासाठी पानांचे तुकडे नेणाऱ्या एकांड्या माशीचे असते, आणि त्याने झाडाचे काही बिघडत नाही.