फुल फ्रेम आणि खिशातला एक इंची: दोन्ही वापरून झाल्यावर

कॅमेरा घेताना बहुतेक जण सेन्सरचं (चित्र टिपणाऱ्या चिपचं) माप विचारतात आणि लेन्स सोबत येईल ती घेतात. बरेच महिने दोन्ही प्रकारचे कॅमेरे आलटून-पालटून वापरल्यावर माझा हिशेब उलटा आहे. आधी लेन्सचं तोंड किती उघडतं ते बघा, सेन्सर त्यानंतर.

माझ्याकडे एक २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम मिररलेस बॉडी आहे. तिच्यावर बहुतेक वेळ २४-७० मिमीची एफ/२.८ झूम लेन्स असते, कधी ८५ मिमीची एफ/१.८ (एफचा आकडा लहान तेवढं तोंड जास्त उघडतं). झूम लावून वजन दीड किलोच्या आसपास जातं. दुसरा कॅमेरा २० मेगापिक्सेलचा, एक इंची सेन्सरवाला, आत सरकणाऱ्या लेन्सचा. फुल फ्रेमच्या मापात तोही २४ ते ७०च, एफ/१.८ ते २.८, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. एवढा मोठा सेन्सर खिशात मावतो हे सोनीच्या पहिल्या आरएक्स१००ने २०१२ मध्ये दाखवलं आणि मग या वर्गात बऱ्याच कंपन्या उतरल्या. मी मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. पुढचं गणित या वर्गातल्या कुठल्याही जोडीला लागू आहे, आणि नावं दिली की मूळ मुद्दा बाजूला राहून ब्रँडवरच भांडणं सुरू होतात.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी. एक इंची म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी. क्षेत्रफळात फरक सातपटीहून जास्त. आकडे ऐकून वाटतं, फोटोत जमीन-अस्मानाचं अंतर असणार. भर उजेडात ते नसतं. दोन्हींचे फोटो ए४ आकारात छापून शेजारी ठेवले तर कुठला कशाने काढलाय हे मला ओळखता येत नाही. २० मेगापिक्सेल म्हणजे ५४७२ × ३६४८ पिक्सेल. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए३ छापायलाही ते पुरतात. फरक कळतो तो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल उघडून सावल्या वर खेचल्या की. मोठ्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये काळोख्या कोपऱ्यातूनही रंग निघतात, छोट्याच्या फाइलमध्ये तिथे खरखर निघते. उन्हातलं आकाश आणि झाडाखालची सावली एकाच फ्रेममध्ये हवी असेल तर मी मोठाच घेते. जेपेग काढून थेट पाठवणाऱ्याला मात्र हा फायदा फारसा दिसणारच नाही.

आता लेन्सचं. एफ आकडा म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीतला आकडा) भागिले छिद्राचा व्यास. छोट्या कॅमेऱ्याची ‘७०’ खरी ७० नसते, ती २५.७ मिमीची लेन्स असते. एफ/२.८ला तिचं छिद्र उघडतं साधारण ९ मिमी. मोठ्या लेन्सचं ७० मिमीला, त्याच एफ/२.८ला, २५ मिमी. आकडा एकच छापलेला, पण दृश्यातून गोळा होणारा एकूण प्रकाश सातपटीहून जास्त. एक्सपोजर दोघांचं सारखंच येतं, कारण छोट्याचा प्रकाश छोट्याच जागेवर पडतो. नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, मात्र एकूण किती प्रकाश हाती लागला यावर ठरतो. सात-साडेसात पट म्हणजे जवळजवळ तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). छोटा कॅमेरा आयएसओ (संवेदनशीलतेचा आकडा) ८०० ला जसा दिसतो, तसा मोठा ६४०० ला दिसावा. माझ्या फोटोंत हे तंतोतंत नाही, पण बरंच जुळतं.

खरी गंमत किट लेन्सची, म्हणजे बॉडीसोबत येणाऱ्या लेन्सची. त्याच मोठ्या बॉडीवर २८-७० एफ/३.५-५.६ लावा. ७० मिमीला छिद्र उरतं १२.५ मिमी. खिशातल्या कॅमेऱ्याचं ९, याचं साडेबारा. प्रकाशात फरक एका स्टॉपच्याही आतला! एवढी मोठी बॉडी, मोठी बॅग, गळ्यात पट्टा, आणि पदरात एक स्टॉप. ‘फुल फ्रेम घेतला पण फोनपेक्षा फार वेगळं वाटत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या कॅमेऱ्यावर मला हीच लेन्स दिसते. याउलट ८५ एफ/१.८ लावली की छिद्र ४७ मिमीचं होतं. तिथे खिशातला कॅमेरा स्पर्धेतच नसतो. रात्री खिडकीतून येणाऱ्या उजेडात बसलेल्या माणसाचा चेहरा, मागचं सगळं विरघळलेलं, डोळ्याची कड धारदार: हे छोट्याकडून होत नाही.

पण तीन ओळींत उभ्या माणसांचा ग्रुप फोटो घ्या. एफ/२.८ला मोठ्या कॅमेऱ्यात मधली ओळ धारदार येते, पुढची-मागची मऊ. सगळे चेहरे हवेत तर एफ/८ला जावं लागतं आणि घरातल्या उजेडात आयएसओ ३२०० वर पोचतो. छोट्या कॅमेऱ्यात तेवढीच डेप्थ (पुढून मागपर्यंतची धार) एफ/२.८लाच मिळते, शटर स्पीड तोच, आयएसओ ४००. दोन्ही फोटो जवळजवळ सारखेच खरखरीत येतात. मोठ्या सेन्सरचा तीन स्टॉपचा फायदा तीन स्टॉप छिद्र बंद करण्यातच संपला. कागदपत्रांचे, वस्तूंचे, जवळून घेतलेल्या फुलांचे फोटो या सगळ्यांना हेच लागू. जिथे अशी डेप्थ हवी तिथे मोठ्या सेन्सरसाठी मोजलेले पैसे वाया जातात, जिथे धूसरपणा हवा तिथे वसूल होतात.

छोट्याचं छिद्र मात्र फार बंद करू नका. एफ/५.६च्या पुढे डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) बारीक तपशील मऊ पडायला लागतात. लहान पिक्सेलची ती जात आहे, लेन्सचा दोष नव्हे.

मला सगळ्यात अनपेक्षित वाटलं ते शटर. मोठ्या बॉडीत सेन्सरपुढे दोन पडदे धावतात. १/२०० किंवा १/२५० च्या वर गेलं की पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा निघालेला असतो, सेन्सरवरून फक्त एक फट सरकते. त्यामुळे साधा फ्लॅश त्याच्या वर चालत नाही. हाय स्पीड सिंक (फट सरकेपर्यंत फ्लॅश लुकलुकत ठेवायची सोय) आहे, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. छोट्या कॅमेऱ्यात शटर लेन्सच्या आतच असतं, पाकळ्यांचं. ते सगळ्या सेन्सरला एकदमच उघडतं, म्हणून फ्लॅश १/२००० पर्यंत चालतो. भर दुपारी, सूर्य पाठीमागे असलेल्या माणसाचा चेहरा त्या अंगठ्याएवढ्या फ्लॅशने उजळतो, मीटर-दीड मीटरवरून. मोठ्या कॅमेऱ्याने तेच करायचं तर वर वेगळा फ्लॅश चढवा आणि त्याच्या बॅटऱ्या सांभाळा. शिवाय पाकळ्यांच्या शटरला आवाज जवळजवळ नसतोच.

समोरच्या माणसांत पडणारा फरक मोजता येत नाही, पण तो मोठा आहे. ७७ किंवा ८२ मिमीचं काचेचं तोंड रोखलं की लोक फोटोला उभे राहतात तसे उभे राहतात, केस सारखे करतात, हसू लावतात. छोट्या कॅमेऱ्याकडे कुणी गंभीरपणे बघत नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणते आहे. संग्रहालयं आणि संगीताच्या कार्यक्रमांच्या दारावर ‘व्यावसायिक कॅमेरा नको’ म्हणणाऱ्यांनाही लेन्सची लांबीच दिसते, सेन्सर कुणी बघत नाही. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेचा छायाचित्रकार ॲलेक्स माजोली याने २००३ च्या सुमारास युद्धाच्या बातम्या ऑलिंपसच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी टिपल्या होत्या. ते कॅमेरे आजच्या खिशातल्या कॅमेऱ्यापुढे पाणी कम होते.

हातातल्या वागणुकीत मात्र मोठा कॅमेरा सरळ जिंकतो. डोळ्याला व्ह्यूफाइंडर, बोटाखाली डायल, न बघता सगळं बदलता येतं. पळणाऱ्या मुलाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवणं छोट्यालाही येतं, पण सुटलं तर पुन्हा पकडेपर्यंत मूल फ्रेमबाहेर. छोटा चालू केला की लेन्स बाहेर येईपर्यंतचा क्षणही कधीकधी महाग पडतो. बॅटरी तर विचारू नका: या आकारात दोनशे-अडीचशे फोटोंचा अंदाज धरायचा आणि दुसरी बॅटरी बाळगायची. फोर-के व्हिडिओत बॉडी तापते. लांब चित्रीकरण करणार असाल तर या आकाराच्या वाटेला जाऊ नका.

धुळीचा प्रश्न दोघांनाही, पण उलटा. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्स बदलताना सेन्सरवर कण बसतो, तो फुंकणीने उडवता येतो. खिशातल्या कॅमेऱ्याची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, कधी धूळही. माझ्या कॅमेऱ्यात आता एक ठिपका आहे, छिद्र लहान केलं की आकाशात दिसतो. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की सगळं लेन्स युनिट उघडावं लागेल. मी उघडायला दिलेलं नाही, रिटच करते. खिशात टाकताना पातळ कापडी पिशवी वापरा, चामडी खोळ फुगते आणि मग कॅमेरा खिशात राहत नाही.

फोन का नको, हे विचारलं जाणारच. काही फोनमध्येही आता एक इंची सेन्सर आहे, आणि अनेक फ्रेम एकावर एक रचून फोन अंधारातही स्वच्छ चित्र देतो. पण फ्रेम रचताना हललेल्या माणसाचं तो काय करेल ते आपल्या हातात नसतं, आणि एलईडीचा दिवा म्हणजे फ्लॅश नव्हे. स्थिर दृश्यांसाठी मी स्वतः फोन वापरते.

मोठ्या सेन्सरला ‘व्यावसायिक’ म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. ३६ × २४ ही चौकट जन्माला आली तीच खिशातल्या कॅमेऱ्यासाठी. लाइट्झ या जर्मन कंपनीतल्या ऑस्कर बारनाकला दम्याचा त्रास होता, काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे डोंगरावर वाहून नेणं झेपत नव्हतं. त्याने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवरची १८ × २४ ची चौकट दुप्पट केली आणि १९१३-१४ च्या सुमारास हातात मावेल असा नमुना बनवला. १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात तो लायका म्हणून आला, तेव्हा प्लेटवाल्या व्यावसायिकांच्या लेखी तीच छोटी चौकट होती. सेन्सर तेवढाच राहिला आणि भोवतीची बॉडी-लेन्स फुगत गेली.

मी आता २४-७० विकायला काढली आहे. त्या टप्प्यातलं दिवसाचं सगळं काम खिशातला कॅमेरा करतो, आणि रात्रीच्या कामाला एफ/२.८ मला तसंही कमीच पडतं. आलेल्या पैशांत ३५ एफ/१.८ येईल. मोठी बॉडी मग ३५ आणि ८५ या दोन प्राइम (झूम नसलेल्या) लेन्ससोबतच बाहेर पडेल. प्रवासाला एकच न्यायचा असेल तर छोटा, जोडीला दोन बॅटऱ्या. लग्न, रंगमंच किंवा रात्रीचे चेहरे असतील तर मोठा. बजेट एकाच कॅमेऱ्याचं असेल आणि त्यात फुल फ्रेम बॉडीसोबत फक्त किट लेन्स बसत असेल, तर बॉडी जुन्या पिढीची, वापरलेली घ्या आणि वाचलेल्या पैशांत एक ५० एफ/१.८ घ्या. तेही जमत नसेल तर एक इंची घ्या आणि रॉ काढायला शिका.