व्हेप, ‘सर्व्हिस’ आणि माझे 23,950 रुपये

आधीच सांगतो, यात माझी हुशारी कुठेच दिसणार नाही. इंजिनिअर आहे, हिंजवडीत नोकरी करतो, घरी मल्टिमीटर आहे. तरीही एका पोराने मला तीन महिने शिस्तीत कापलं. हे लिहितोय कारण ऑफिसातल्या आणखी दोघांनी त्याच पोराचा नंबर माझ्याकडे मागितला.

सिगारेट कॉलेजपासून. दिवसाला आठ-दहा, आणि सॉफ्टवेअरची रिलीज असली की मोजायचं नाही. मुलगी तीन वर्षांची झाली आणि एक दिवस कडेवर घेतल्यावर नाक दाबून म्हणाली, ‘बाबा, वास.’ त्याच आठवड्यात टपरीवर एकाच्या हातात व्हेपचं मशीन दिसलं, म्हणजे निकोटिनचं लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट. धूर नाही, राख नाही, आंब्याचा वास. म्हटलं, हाच पूल धरून पलीकडे जाऊ. सिगारेटकडून व्हेपकडे, व्हेपकडून शून्याकडे.

त्याच्याकडून एका पोराचा नंबर मिळाला. समोरचा सुरुवातीपासून ‘सर’ म्हणायचा आणि स्वतःला ‘सर्व्हिसवाला’ म्हणवायचा, विकणारा नाही. 11 फेब्रुवारीला नळस्टॉपच्या पुलाखाली स्कूटरवरून आला. छोटं स्क्रीनवालं मशीन, वर लिक्विडचा काचेचा टँक, आत बॅटरीचा एक सुटा सेल, सगळे मिळून 3,800. लिक्विडचे 900 वेगळे. बिल मागितलं तर हसला. ‘सर, याचं बिल कोण देतं? पण सर्व्हिस लाइफटाइम. काही झालं तर थेट मला फोन.’

बिल नाही म्हटल्यावर खरं तर तिथेच गाडीला किक मारायला हवी होती. भारतात ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. सप्टेंबरात अध्यादेश आला, वर्ष संपायच्या आत कायदा झाला. विक्री, आयात, जाहिरात, साठा, सगळंच त्यात येतं, ऑनलाइन विक्रीसुद्धा. मला हे अर्धवट माहीत होतं. तो म्हणाला, ‘बंदी दुकानांना आहे सर, आपलं पर्सनल आहे,’ आणि मला जे ऐकायचं होतं तेच त्याने ऐकवल्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी झुरका घेतला आणि घशात जळक्या कापसाचा ठसका बसला. जीभ दोन तास बधिर. फोन केला. त्याने शांतपणे विचारलं, ‘कॉइल नवीन टाकल्यावर किती वेळ थांबलात सर?’ मी थांबलोच नव्हतो. कॉइल म्हणजे तापणाऱ्या तारेचं वेटोळं, त्याच्याभोवती कापूस. टँक भरल्यावर कापूस नीट भिजायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. कोरड्या कापसावर बटण दाबलं की कापूस जळतो, आणि एकदा जळला की ती कॉइल गेली. हे त्याने अगदी बरोबर सांगितलं. चूक माझी होती आणि कबूल करायला मला लाजही वाटली नाही.

माझा सगळा घात इथे झाला. पहिलं निदान खरं निघालं म्हणून पुढची सगळी मी खरी धरली.

पाच कॉइलची डबी 1,400 ला घेतली. या वेळी पंधरा मिनिटं थांबलो. डबीवर लिहिलं होतं तेवढंच वॅटेज ठेवलं, 40. एक कॉइल चार दिवस टिकली, दुसरी दोन. डबीवर तारेचा रोध 0.4 ओम छापलेला आणि मशीनच्या स्क्रीनवर 0.27. विचारलं तर म्हणाला, ‘स्क्रीन थोडी इकडे-तिकडे दाखवते.’ कॉइल लवकर का जातात? ‘लिक्विड गोड आहे ना सर, साखर बसते.’ हेही अर्धं खरं. गोड फ्लेवरमधला गोडवा तारेवर काळ्या थरासारखा बसतोच. पण दोन दिवसांत? मी तरीही दुसरी डबी घेतली. आणखी 1,400.

त्या दुसऱ्या डबीतली एक कॉइल मी वापरण्याआधीच पकडीने उघडली. का उघडली कुणास ठाऊक, रविवार होता, बायको माहेरी गेली होती. आत कापूस पांढरा असायला हवा. तो फिल्टर कॉफीच्या रंगाचा होता. म्हणजे कुणाच्या तरी वापरून टाकलेल्या कॉइल धुऊन, वाळवून, नव्या डबीत भरलेल्या. माझ्या आधी कुणीतरी ओढलेल्या कापसातून मी महिनाभर ओढत होतो. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

तरी भांडलो नाही, कारण तोवर टँक गळायला लागला होता. मशीन शर्टाच्या खिशात आडवं ठेवलं की खिशावर तेलकट डाग. झुरका घेताना गुळगुळ आवाज आणि कधी कधी तोंडात थेट लिक्विडचा थेंब, कडू आणि झोंबणारा. याची कारणं त्याने धडाधड सांगितली. मधल्या नळीत लिक्विड गेलं असेल, भरताना टँक तिरका धरा, पुण्यात उन्हाळा सुरू झालाय म्हणून लिक्विड पातळ होतं. तिन्ही कारणं खरोखरची आहेत. माझ्या टँकला त्यातलं एकही लागू नव्हतं. काच आणि रबरी रिंग एकमेकांच्या मापाच्याच नव्हत्या, रिंग बोटाने गोल फिरायची. ‘सील किट’ म्हणून 350 घेतले आणि तशीच दुसरी सैल रिंग दिली.

लिक्विडबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथे फक्त पैशाचा प्रश्न नव्हता. बाटलीवर मिलिलीटरला 3 मिलिग्रॅम, म्हणजे हलकं, निकोटिन लिहिलेलं होतं. मला तीन-चार झुरक्यांतच मळमळायचं, छाती धडधडायची, एकदा कपाळाला गार घाम फुटला आणि चांदणी चौकाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यावी लागली. दिवसाला दहा सिगारेटी ओढणाऱ्या माणसाला एवढ्याने सहसा असं होत नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांना शेवटी सांगितलं, तर त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘ही लक्षणं निकोटिन जास्त झाल्याची आहेत. लेबल कुणी लावलंय ते तुम्हाला माहीत नाही, आत काय आहे तेही माहीत नाही, आणि ते तुम्ही फुप्फुसात ओढताय.’ अमेरिकेत 2019 साली अशाच बेनामी भरलेल्या काडतुसांमधल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटने माणसं दगावली होती, तेही त्यांनीच सांगितलं. तो माल गांजाच्या अर्काचा होता, माझा नव्हता. पण कुणी भरलं आणि काय भरलं हे तिथेही ओढणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

मी ते लिक्विड बंद करतो म्हटलं आणि केलं नाही. व्यसन म्हणतात ते हेच.

मार्चअखेर मशीनने नवं नाटक सुरू केलं. रात्रभर चार्जिंग, सकाळी बॅटरीची चारही घरं भरलेली, आणि दोन झुरक्यांत स्क्रीनवर ‘वीक बॅटरी’. त्याने 1,100 चा नवा सेल दिला. आवरणावर भारदस्त आकडे: साठवण 4800 एमएएच, करंट 40 अँपिअर. आठवड्यात तेच. मग तो म्हणाला, ‘सर, आता आतला सर्किट बोर्ड गेला. 1,800 द्या, बोर्ड बदलून देतो.’

1,800 ऐकल्यावर माझ्यातला इंजिनिअर उशिरा का होईना जागा झाला. शनिवारी मंडईच्या पार्किंगला गाडी लावली आणि तापकीर गल्लीत गेलो. तिथे एका अरुंद दुकानात सत्तरीचे एक काका बसतात. टॉर्च, रेडिओ, ड्रिलचे बॅटरी पॅक दुरुस्त करतात. मी दोन्ही सेल काउंटरवर ठेवले. मशीन पिशवीतच ठेवलं, लाजेने.

काकांनी सेल हातात घेतला आणि आधी मीटर नाही, वजनकाटा काढला. ‘अहो, हा 29 ग्रॅम भरतोय. या मापाचा चांगला सेल पंचेचाळीसच्या आसपास असतो. आत छोटा सेल आणि बाकी भरताड.’ मग आवरण वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘4800? या आकाराचे चांगले सेल साधारण 3600 च्या आसपासच थांबतात. आणि 40 अँपिअर सलग द्यायला हा काय ट्रकची बॅटरी आहे?’

मग त्यांनी जे करून दाखवलं ते मला घरच्या मल्टिमीटरवर कधी सुचलं नव्हतं. मोकळा मोजला तर 4.12 व्होल्ट. पूर्ण भरलेला सेल 4.2 असतो, म्हणजे झकास. मग त्याच्यावर भार म्हणून एक ओमचा जाड रेझिस्टर जोडून पुन्हा मोजला. आकडा 3.1 वर कोसळला. दुसरा, त्यांच्या दुकानातला नामांकित सेल त्याच रेझिस्टरला 3.9 वर उभा राहिला. ‘तीन अँपिअरला याची ही अवस्था. तुमचं यंत्र किती मागतं?’ मी हळूच म्हटलं, 40 वॅट. त्यांनी पाकिटावर भागाकार केला, 40 भागिले साडेतीन, अकराच्या वर अँपिअर. ‘मग बोर्ड काय करणार बिचारा? भार आला की सेल झोपतो आणि बोर्ड ओरडतो. बोर्ड ठणठणीत आहे तुमचा.’

म्हणजे मशीन महिनाभर खरं बोलत होतं. स्क्रीनवर ‘वीक बॅटरी’ येत होतं आणि मी ते सोडून त्या पोराचं ऐकत होतो.

जुन्या सेलचं आवरण वरच्या कडेला फाटलेलं होतं. काकांनी तो उचलून ताबडतोब दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. सेलचा अख्खा डबा वरच्या कडेपर्यंत ऋण असतो. धन टोक आणि ती कडा यांच्यात एक पातळ रिंग आणि हे प्लास्टिकचं आवरण, एवढंच. ते फाटलेला सेल किल्ल्यांसोबत खिशात ठेवला तर किल्लीच तार होते आणि शॉर्टसर्किट होतं. ‘कुठे ठेवत होता हा?’ मी जीन्सच्या खिशाकडे बघितलं. त्याच खिशात किल्ल्या होत्या. काका पुढे काही बोलले नाहीत, दोन्ही सेल ई-कचऱ्याच्या डब्यात टाकले.

घरी येऊन त्या पोराला सगळं ऐकवलं. वजन, भागाकार, कॉफीच्या रंगाचा कापूस. पैसे परत दे, नाहीतर तक्रार करतो म्हटलं. पलीकडे जरा शांतता. मग पहिल्यांदाच ‘सर’ गळालं. ‘कुठे करणार तक्रार? माल तुमच्याकडे पण आहे ना?’

त्याचं भांडवल हेच होतं, कॉइल आणि सेल नुसते वरवरचे. ग्राहक मंचात गेलो तर बिल नाही. पोलिसांत गेलो तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागणार. दुकानदाराला जी भीती असायला हवी ती गिऱ्हाइकाच्या खिशात घालायची, मग गिऱ्हाईक आपणहून गप्प बसतं.

नऊ दिवसांनी फोन आला. हिंदीत, करड्या आवाजात, मागे वॉकीटॉकीची खरखर. ‘नार्कोटिक्स सेल’मधून बोलतोय, एक सप्लायर पकडलाय, त्याच्या यादीत तुमचं नाव. माझ्या इमारतीचं नाव सांगितलं. मग म्हणाला, 11 फेब्रुवारी, 3,800. पुढच्या खरेद्यासुद्धा तारखेसकट. 50,000 भरा, नाहीतर गाडी पाठवतो. व्हेपचा साठा केल्यास ई-सिगारेटबंदीच्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणजे त्याने रक्कमही कायद्यातूनच उचलली होती. मी ती शोधून पाहिली, जुळली, आणि माझे हातपाय गार पडले. माझ्या खरेदीच्या तारखा फक्त एकाच माणसाला माहीत होत्या हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. घासाघीस करून 15,000 यूपीआयने पाठवले. पोलिसांशी घासाघीस! तेव्हाही ट्यूब पेटली नाही.

रात्रभर झोप नाही. सकाळी वकील असलेल्या मेव्हण्याला फोन केला. मेव्हण्याला सांगणं म्हणजे बायकोला सांगणं, हे धरूनच. तो पाच मिनिटं ऐकून म्हणाला, ‘भावोजी, दंड कोर्ट करतं. तो यूपीआयवर भरत नाहीत. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा आधी.’ लावला. तक्रार घेतली, पण रात्र मध्ये गेली होती आणि पैसे तोवर पुढच्या खात्यांत फिरले होते. पहिल्या तासात फोन केला असता तर खातं गोठायची शक्यता तरी होती. त्या पोराचा नंबर बंद, चॅट त्याच्या बाजूने पुसलेली.

मेव्हण्याच्याच सांगण्यावरून मशीन, टँक, लिक्विड, उरलेल्या कॉइल सगळं पिशवीत घालून चौकीत गेलो आणि पहिल्या वाक्यापासून खरं सांगितलं. घाबरलो होतो तसं काही झालं नाही. हवालदारांनी लिहून घेतलं, मध्ये एकदा फक्त ‘शिकलेले दिसता’ म्हणाले.

आता निकोटिनचा 2 मिलिग्रॅमचा च्युइंगम चालू आहे, मेडिकलमध्ये मिळतो, बिलासकट. डॉक्टरांनी 1800-11-2356 हा तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी क्विटलाइनचा नंबर दिला होता, तिथे दर आठवड्याला बोलतो. दिवसाला दोन सिगारेटी अजून आहेत. मुलगी अजून नाक दाबते.

चौकीत शेवटी त्यांनी विचारलं, या सगळ्या व्यवहाराचा कागद काही आहे का? पाकीट चाचपलं. यूपीआयचे स्क्रीनशॉट होते, पण कागद म्हणून एकच सापडला. तापकीर गल्लीतल्या काकांनी मी नको म्हणत असतानाही फाडून दिलेली पावती: ‘सेल तपासणी, 2 नग, 30 रु.’ तीच तक्रारीला जोडली.