कमरेवर थांबणारं लोकरी जॅकेट: 'आइक' कटाचा हिवाळी अनुभव

लष्करी धाटणीचं आखूड लोकरी जॅकेट हिवाळ्यात रोजच्या वापराला हवं असेल, तर जुनं अमेरिकन 'आइक जॅकेट' शोधा. आणि शोधताना छातीच्या मापाआधी पाठीची लांबी विचारा. छाती थोडी सैल असली तर शिंपी आत घेऊन देतो. लांबी कमी पडली तर कोणीच काही करू शकत नाही.

मी कामावर सायकलने जातो. लांब कोट घातला की त्याचा घेर मांड्यांवर गोळा होतो आणि मागचा पदर सीटखाली अडकतो. फुगीर जॅकेटं गरम असतात, पण त्यांत दहा मिनिटांत घाम येतो आणि कामाच्या जागी ती खुर्चीवर टाकली की कशीही दिसतात. मला शर्टावर चढवता येईल, बसल्यावर पोटाशी गोळा होणार नाही आणि आत गेल्यावर अंगावर ठेवलं तरी विचित्र वाटणार नाही असं काहीतरी हवं होतं. कमरेवर संपणारं लोकरी जॅकेट या गरजेला अगदी चपखल बसतं, कारण मुळात ते बसलेल्या, वाकलेल्या, सतत हालचाल करणाऱ्या माणसासाठीच बेतलं होतं.

ब्रिटिश सैन्यात 1930च्या दशकाच्या अखेरीस 'बॅटलड्रेस' आला. लांब झग्यासारख्या लष्करी कोटाऐवजी कमरेशी आवळलेला आखूड ब्लाउज आणि वर चढणारी पँट. वाहनात चढा-उतरायला सोपं, अडकायला काही लोंबत नाही आणि कापडही कमी लागतं. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सेनापती जनरल आयझेनहॉवर यांना हा कट आवडला. अमेरिकन सैनिकांनाही असं काही मिळावं असा त्यांनी आग्रह धरला आणि 1944 साली 'एम-1944' हे लोकरी जॅकेट आलं. 'आइक' हे त्यांचं टोपणनाव, तेच त्याला चिकटलं.

खरेदी करणाऱ्याला इतिहासातली एक गोष्ट मात्र पक्की माहीत हवी. हे जॅकेट मूळ कल्पनेत बाहेरच्या फील्ड जॅकेटच्या आत, उबेसाठी घालायचं होतं, म्हणून ते ऐसपैस कापलेलं होतं. प्रत्यक्षात सैनिकांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते शिंप्याकडून अंगाबरोबर करून घेतलं आणि बाहेर मिरवायला वापरलं. त्यामुळे आज बाजारात येणाऱ्या दोन जॅकेटांवर एकच '36आर' (छाती 36 इंच, लांबी नेहमीची) छापलेलं असलं, तरी एक तुम्हाला ढगळ होईल आणि दुसऱ्याचं बटण लागणार नाही. आतल्या खिशातल्या कापडी पट्टीवरचा आकडा मुळात काय दिलं होतं तेवढंच सांगतो. टेपने मोजलेलं माप हेच खरं.

माझ्याकडचं जॅकेट कॉलरच्या शिवणीपासून कमरपट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंत 57 सेंटीमीटर आहे. मी मध्यम उंचीचा, पण धड लांब. वर चढणाऱ्या पँटवर ते बरोबर जुळतं. कमरेच्या खाली बसणाऱ्या जीन्सवर मात्र हात वर केला की शर्टाची पट्टी दिसते, आणि सायकलवर वाकलं की नेमका तिथूनच वारा शिरतो. हा जॅकेटचा दोष नाही. मूळ पँट बेंबीपर्यंत यायची. म्हणून सांगतो, जॅकेट पाहण्याआधी आपली नेहमीची पँट सपाट अंथरा आणि पुढच्या बाजूला, दोन पायांच्या जोडापासून कमरपट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ते माप 28 ते 30 सेंटीमीटर भरलं तर निर्धास्त घ्या. 24-25 असेल तर आधी पँट बदलावी लागेल.

कापडाबद्दल मात्र थोडं सविस्तर. हे 18 औंसी सर्ज, म्हणजे तिरप्या विणीचं लोकरी कापड आहे, वारी साधारण अर्धा किलो वजनाचं. हातात घेतलं की आधी वजन जाणवतं, मग वीण. उजेडात तिरकं धरा: बारीक तिरप्या रेघा दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसतात. रंग लांबून मातकट हिरवा वाटतो. जवळून पाहिलं तर तपकिरी, पिवळसर आणि हिरवट तंतू एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि म्हणूनच तो रंग निळ्या डेनिमवर, राखाडी फ्लॅनेलवर, पांढऱ्या शर्टावर कुठेही परका वाटत नाही. आतलं अस्तर गुळगुळीत असल्यामुळे लोकर टोचते ती फक्त मानेला, आणि कॉलरचा शर्ट घातला की तिथेही नाही.

माझ्या जॅकेटवर उजव्या खिशाच्या वर चौकट आकाराचा एक डाग आहे. डाग म्हणजे तिथलं कापड बाकीच्यापेक्षा गडद, आणि कडेने सुईच्या भोकांची ओळ. युद्ध संपल्यावर सन्मानाने निवृत्त झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या गणवेशावर तिथे सोनेरी गरुडाचं कापडी चिन्ह शिवलेलं असायचं. साध्या कपड्यांची टंचाई होती, म्हणून निवृत्तीनंतर 30 दिवसांपर्यंत गणवेश घालायची मुभा होती, आणि हा माणूस आता सेवेत नाही हे त्या चिन्हावरून कळायचं. कोणीतरी घरी परतल्यावर ते नीट उसवून काढलेलं दिसतं. तो गडद चौकोन घालवायचा मी प्रयत्नही केलेला नाही आणि करणार नाही. बाकी कोणतंही चिन्ह, पट्टी किंवा बिल्ला अंगावर ठेवू नये या मताचा मी आहे. ज्याने ते कमावलं त्याचंच ते.

गरमाईचं म्हणाल, तर आठ ते पंधरा अंशांत नुसत्या शर्टावर पुरेसं होतं. त्याखाली पारा गेला की आत पातळ स्वेटर लागतो, आणि त्यासाठी काखेत जागा हवी. म्हणजे अगदी अंगाबरोबर केलेलं जॅकेट घेऊ नका. पाठीला दोन्ही खांद्यांच्या मागे खोल चुण्या आहेत. हँडलकडे हात नेले की त्या उघडतात आणि सरळ झालं की आपोआप मिटतात. कितीतरी महागड्या जॅकेटांत मला ही सोय मिळाली नाही. जोराचा वारा मात्र सर्जमधून आत येतो; दाबून घट्ट केलेल्या मेल्टन कापडाची सर त्याला नाही. भुरभुर पाऊस वरच्यावर थांबतो, मोठ्या सरीत कापड भिजून जड होतं आणि ओल्या लोकरीचा वास येतो. हँगरवर सावलीत वाळवलं की तो जातो.

ब्रिटिश बॅटलड्रेसही मी घालून पाहिला, 1942 पासूनच्या काटकसरीच्या काळातला, उघड्या प्लास्टिक बटणांचा. देखणा आहे, माझ्या मते आइकपेक्षाही रुबाबदार. पण त्याला पूर्ण अस्तर नाही, कापड खरखरीत, आणि कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला पँटची बटणं अडकवायची काजं आहेत. म्हणजे त्याच्या जोडीची पँट नसेल तर तो वर सरकतच राहणार. शिवाय गळ्यापर्यंत बंद होणारी कॉलर लावली की तो गणवेशच दिसतो. नंतरच्या 1949च्या नमुन्यात कॉलर उघडी केलेली आहे, ती रोजच्या वापराला जास्त बरी. कॅनेडियन बनावटीचं कापड हाताला मऊ लागलं आणि रंगही जास्त हिरवा होता. माझ्या मापाचं मिळालं असतं तर निर्णय अवघड झाला असता. आइकचा मोठा फायदा हा की खिशांची आणि पुढची बटणं झापेखाली लपलेली आहेत. त्यामुळे तो गणवेशापेक्षा साध्या जॅकेटाच्या जवळ जातो.

फॅशनच्या दुकानांत 'मिलिटरी' म्हणून जे टांगलेलं असतं, त्यातलं बहुतेक मला पटलं नाही. खांद्यावर पट्ट्या, पितळी बटणांच्या रांगा, उघडतच नाहीत असे खिसे आणि लांबी थेट नितंबांपर्यंत. आतली पट्टी वाचली तर निम्मं पॉलिएस्टर. ऐतिहासिक युद्धप्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी जी नवी हुबेहूब जॅकेटं शिवली जातात, ती याहून पुष्कळ चांगली. मोठी मापंही त्यांत सहज मिळतात. पूर्वीच्या सैनिकांची मापं लहान होती, त्यामुळे रुंद छातीच्या माणसाने मी म्हणेन तिकडेच वळावं.

जुन्याच्या खरेदीत एक वाईट अनुभव आला तोही सांगतो. एका विक्रेत्याने 'उत्तम स्थिती' लिहून पाठवलेल्या जॅकेटच्या काखेतलं अस्तर फाटलेलं होतं आणि कॉलरखाली कसरीने खाल्लेली भोकं होती. त्याने ते परत घेतलं, पण टपालखर्च माझ्या माथी आला. म्हणून आता पैसे देण्याआधी मी फोटो मागतो: कॉलर उलटून खालची बाजू, दोन्ही काखा आतून, पाठीमागून उजेड दाखवून कमरपट्टा, आणि काखेपासून काखेपर्यंत टेप धरलेला. बाजूची शिवण आतून दिसेल असाही एक. तिथे जुन्या टाक्यांची पुसट रेघ दिसली, तर जॅकेट कधीतरी आत घेतलेलं आहे. माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कापलेली नसेल तर ते पुन्हा सैल करता येतं, कापली असेल तर सोडून द्या.

आल्या आल्या ते कपाटात टांगू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान दोन आठवडे उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून ब्रशने झटका, शिवणींच्या खाचांत विशेष. कसरीची अंडी आणि अळ्या तिथेच असतात, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास कपड्यातून निघता निघत नाही.