ड्रोनच्या फौजेत जायचंय: भरती, इंजिनिअरिंग की पायलटचं सर्टिफिकेट?

सातारा-सांगलीकडच्या भरतीच्या पोरांना आजवर एकच हिशेब पाठ होता. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, दहा पुलअप्स, लेखी, मेडिकल आणि शेवटी मेरिट. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं आणि या हिशेबात नवा प्रश्न घुसला. ८ मेच्या एका रात्रीत पाकिस्ताननं ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचं सरकारनं सांगितलं. आपल्याकडूनही लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारी, स्फोटकं भरलेली ड्रोन वापरली गेली. तेव्हापासून बारावी सायन्स झालेल्या पोरांचे आईबाप विचारतात, लढाई यंत्रंच करणार असतील तर पोरानं मैदानावर घाम गाळायचा, इंजिनिअरिंगला जायचं, की ड्रोन पायलटचा कोर्स करून मोकळं व्हायचं?

माझं मत आधीच सांगतो. गणित बरं असेल आणि घर तीन-चार वर्षं थांबू शकत असेल, तर आधी इलेक्ट्रॉनिक्स शिकावं, वर्दीचा विचार नंतर करावा. घराला आत्ता पैसे लागत असतील तर अग्निवीर, म्हणजे चार वर्षांची भरती, पण टेक्निकलमधून. नुसतं पायलटचं सर्टिफिकेट हा फौजेचा रस्ता नाही. असं का म्हणतो, ते समजायला आघाडीवर सध्या काय चाललंय ते पाहावं लागेल.

आघाडीवर माणूस नेमकं काय करतो

२०२० मध्ये अझरबैजाननं नागोर्नो-काराबाखचं युद्ध ४४ दिवसांत जिंकलं. त्यात तुर्कीची बायराक्तार आणि इस्रायली हारोप ही ड्रोन गाजली. ती मोठी, महाग, मोजकी यंत्रं होती. युक्रेनमध्ये चित्र उलटलं. तिथं रणगाडे फुटतात ते बहुतेक एफपीव्ही ड्रोननं, म्हणजे चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरच्या चष्म्यात थेट चित्र दिसतं त्या छोट्या यंत्रानं. साध्या एफपीव्हीची किंमत चार-पाचशे डॉलर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी मोबाइलएवढी.

पण स्वस्त यंत्र फार दिवस चालत नाही. शत्रू जॅमर लावतो, रेडिओचा दुवा तुटतो, ड्रोन शेतात पडतं. मग फ्रिक्वेन्सी बदलायची, अँटेना बदलायचा, सॉफ्टवेअर बदलायचं. काही आठवड्यांनी शत्रू तेही पकडतो. २०२४ पासून रशियानं बारीक ऑप्टिकल फायबरची दहा-वीस किलोमीटरची रिळं ड्रोनला बांधली. रेडिओच नाही, तर जॅम काय करणार? त्याचं दुखणं वेगळं: रिळाच्या वजनानं स्फोटक कमी बसतं आणि तार झाडाझुडपात अडकते. युक्रेननंही तेच उचललं. शेवटच्या काहीशे मीटरमध्ये दुवा तुटला तरी कॅमेऱ्यातल्या लक्ष्यावर स्वतःच चाल करणारी ड्रोनही आली. स्वयंचलित यंत्रं रणांगणावर शिरली ती अशी, जॅमिंगवरचा उतारा म्हणून. सिनेमातल्या यंत्रमानवाशी त्यांचा फारसा संबंध नाही.

या खेळात ड्रोन चालवणारा एकटा नसतो. त्याच्यासोबत वाट दाखवणारा असतो, स्फोटक जोडणारा असतो आणि मागं तळघरात सोल्डरिंग गन घेऊन बसलेला दुरुस्तीवाला असतो. चालवणं हुशार पोरगं काही आठवड्यांत शिकतं. दुरुस्तीवाला तयार व्हायला वर्षं लागतात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळं माझा कल तिकडं आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

जमिनीवरच्या रोबोंचं अजून तेवढं जमलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये खारकीवजवळ लिप्त्सी गावापाशी युक्रेनच्या एका ब्रिगेडनं पायदळ न नेता फक्त जमिनीवरची यंत्रं आणि ड्रोन वापरून हल्ला केला, त्याची मोठी चर्चा झाली. पण रोजचं काम म्हणाल तर दारूगोळा पोचवणं, जखमींना मागं आणणं, सुरुंग पेरणं. चिखलात रुततात, खड्ड्यात सिग्नल जातो. आपल्याकडं डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेनं बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ फार आधी बनवला, आणि १५ जानेवारी २०२५ ला पुण्यातल्या आर्मी डेच्या संचलनात चार पायांचे ‘म्यूल’ रोबो चालताना दिसले. दिसायला भारी आहेत. निवड करताना मात्र आज तरी ड्रोनकडंच पाहा.

आणखी एक गैरसमज काढून टाका. ड्रोनवाला मागं सुरक्षित बसतो, हे नेवाडातल्या तळावरून दूर देशातली विमानं चालवणाऱ्या अमेरिकनांपुरतं खरं. एफपीव्हीवाला आघाडीपासून काही किलोमीटरवरच असतो आणि शत्रू आधी त्यालाच शोधतो. रशियाची ‘रुबिकॉन’ तुकडी मुद्दाम युक्रेनी ड्रोनवाल्यांच्या मागावर असते.

अग्निवीर

आपली फौज या बाबतीत जागी झाली आहे. २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिनी, लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या प्रत्येक पलटणीत ड्रोन प्लाटून, म्हणजे ड्रोनवाल्यांची छोटी तुकडी, उभारण्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरपर्यंत ३८० पलटणींत अशा ‘अश्नी’ प्लाटून उभ्या राहिल्याचं पायदळाच्या महासंचालकांनी सांगितलं. म्हणजे जीडीमधून (जनरल ड्युटी, साधा शिपाई) भरती झालेल्या पोराच्या हाती ड्रोन येण्याची शक्यता पाच वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. मात्र कुठल्या प्लाटूनमध्ये जायचं हे तुम्ही ठरवत नाही, पलटण ठरवते. अकॅडमीवाला ‘ड्रोन ट्रेड मिळवून देतो’ म्हणाला तर तिथून उठा.

पैशाचं गणित असं. योजना २०२२ मध्ये आली तेव्हा ठरल्याप्रमाणे पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के सेवा निधीत जाऊन हातात २१ हजार. चौथ्या वर्षी ४० हजार. सरकार तेवढीच भर घालतं आणि बाहेर पडताना व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चारांतला जास्तीत जास्त एक कायम होतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथं पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले आणि आजही घरटी फौजी सापडतो, तिथल्या आजोबांची फौज म्हणजे पेन्शन, कॅन्टीन आणि आयुष्यभराचा दवाखाना. नातवाची तशी नाही, हे घरात बसून मोकळेपणानं बोलावं.

चार वर्षं ड्रोनवर घालवून बाहेर पडलेला पोरगा बाजारात काय विकेल? चालवण्याचं कसब तोवर जुनं झालेलं असेल. सर्किट वाचता येत असेल तर भाव आहे. म्हणून जीडीपेक्षा टेक्निकल. आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर त्या परीक्षेत वाढीव गुणही मिळतात.

इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा

सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं शासकीय महाविद्यालय १९६० चं. दोन्हीकडं मेरिट चढं असतं, पण मिरज आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतनंही आहेत आणि त्यांची फी सामान्य घराला झेपते. शाखा इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल घ्या. नावात ‘ड्रोन’ किंवा ‘एआय’ आहे म्हणून एखाद्या खासगी कॉलेजात लाखो रुपये भरू नका. रेडिओ, मोटर कंट्रोल आणि बॅटरी नीट शिकलेल्याला ड्रोन महिन्याभरात उलगडतं.

कामाची जागा महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या सोलर समूहानं ‘नागास्त्र-१’ बनवलं: पाठीवर वाहून नेता येतं, लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटनं परत उतरवता येतं. लष्करानं ४८० ची ऑर्डर दिली होती. आयआयटी मुंबईच्या पोरांनी २००७ मध्ये काढलेल्या आयडियाफोर्जची टेहळणी ड्रोन लष्कर वापरतं. पुण्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. पण या धंद्यात ऑर्डर आली की धावपळ आणि नाही आली की शुकशुकाट, हेही धरून चला. सरकारी नोकरीची शाश्वती इथं नाही.

सगळ्यात मोठा फायदा वेगळाच. पदवीनं वर्दीचं दार बंद होत नाही. इंजिनिअर झाल्यावर वयाच्या २० ते २७ मध्ये शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलमधून, यूपीएससीची लेखी न देता, थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाता येतं. उलट चार वर्षं अग्निवीर राहून तेविशीत पुन्हा इंजिनिअरिंगला बसणारे विरळाच. आणि ज्याला आजच अधिकारी व्हायचंय, त्यानं एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) फॉर्म भरावाच; त्याला या लेखाची गरज नाही.

पायलटचं सर्टिफिकेट

नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचं रिमोट पायलट सर्टिफिकेट दहावी पास, १८ ते ६५ वयाच्या कुणालाही मिळतं. कोर्स आठवड्याभराचा, सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. पण २०२१ चे ड्रोन नियम सैन्यदलांना लागूच नाहीत, हे कोर्सवाले सांगत नाहीत. फौजेत ड्रोन उडवायला हा कागद कुणी मागत नाही.

शेतीला मात्र तो उपयोगी आहे. वाळवा-कराड पट्ट्यात डोक्यावर गेलेल्या उसात माणूस पंप घेऊन शिरू शकत नाही, तिथं फवारणीचं ड्रोन खरंच चालतं. तासगावचे द्राक्ष बागायतदार अजून ट्रॅक्टरच्या ब्लोअरवरच भिस्त ठेवून आहेत. गावात स्वतःचा धंदा करायचा असेल तर जरूर घ्या, फौजेच्या नावाखाली घेऊ नका.

ट्रिगर कुणाच्या हातात

यंत्रानं स्वतः ठरवून माणूस मारावा का, यावर डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, अशा शस्त्रांच्या धोक्याकडं तातडीनं लक्ष द्यावं असं सांगणारा ठराव आला. १५२ देश बाजूनं गेले, चार विरोधात. त्या चारांत भारत होता. शस्त्रांवरच्या वेगळ्या परिषदेत ही चर्चा व्हावी अशी आपली भूमिका. निवड करणाऱ्याला याचं काय? मला वाटतं, बरंच आहे. जवानाला आदेश असतो, नियम असतात, वर अधिकारी असतो. लक्ष्य कसं ओळखायचं हे कोडमध्ये लिहिणारा पुण्यातल्या एसी ऑफिसात असतो, आणि ट्रॅक्टरला रणगाडा समजण्याची चूक त्याच्या टेबलावर जन्मते. हे काम करणार असाल तर ते डोळे उघडे ठेवून स्वीकारा.

कुणी काय करावं

मुलींसाठी हिशेब निराळा आहे. लष्करात अग्निवीर म्हणून मुलींना फक्त मिलिटरी पोलिसात जागा आहे, त्यामुळं पायदळाच्या ड्रोन प्लाटूनचा रस्ता बंद. इंजिनिअरिंग आणि त्यानंतर टेक्निकल एन्ट्री किंवा बारावीनंतर एनडीए, हे दोन्ही खुले आहेत.

बारावीला गणितात पडला-झडला असाल आणि अंगात पळायची रग असेल, तर जीडी द्या. पलटणीत ड्रोन मिळालं तर चांगलंच. वय विशीला टेकलंय, आयटीआय झालाय आणि घरी कर्ज आहे, तर इंजिनिअरिंगचा नाद सोडून यंदाच टेक्निकलचा फॉर्म भरा. जाहिरात साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आधी ऑनलाइन लेखी होते आणि मैदान नंतर, त्यामुळं दिवाळीपासून सकाळी पळणं आणि संध्याकाळी फिजिक्स, दोन्ही सुरू हवं.