कोरड्या लेनसाठी बॉल आणि त्याचे ड्रिलिंग: स्टॉर्म ट्रॉपिकल सर्जचा अनुभव

बोलिंगमध्ये जोरदार हुक होणारा, म्हणजे वाटेत खूप वळणारा, बॉल कोरड्या (कमी तेल असलेल्या) लेनवर का फसतो हे आधी लक्षात घेतल्याखेरीज स्टॉर्म कंपनीच्या ट्रॉपिकल सर्ज या बॉलची परीक्षा नीट होणार नाही. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते आणि नेहमीच्या खेळात तेल साधारण ४० फुटांपर्यंत लावलेले असते. या तेलावरून बॉल आधी घसरतो, मग कोरड्या भागात पकड मिळाली की वळतो आणि अखेरीस गडगडत पिनांवर जातो. तेल मुळातच कमी असेल किंवा बरेच गेम होऊन ते निघून गेले असेल, तर ही पकड फार लवकर मिळते, बॉलची फिरकी वाटेतच खर्च होते आणि तो पॉकेटपर्यंत (उजव्या हाताच्या खेळाडूसाठी १ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या जागेपर्यंत) पोहोचला तरी पिनांवर जोर न करता आदळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला अशा वेळी कोपऱ्यातली १० नंबरची पिन पुन्हापुन्हा उभी दिसते.

यावर पॉलिस्टरचा, म्हणजे बोलीभाषेत प्लास्टिकचा, बॉल घ्यावा असा सल्ला सर्रास मिळतो. स्पेअर, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना, उचलण्यासाठी तो उत्तमच आहे. पण पहिल्या फेकीला तो बहुतांशी सरळ जातो आणि स्ट्राइकसाठी (पहिल्याच फेकीत सगळ्या पिना पाडण्यासाठी) आदर्श मानला जाणारा सुमारे ६ अंशांचा प्रवेशकोन, म्हणजे पॉकेटमध्ये शिरण्याचा कोन, त्याच्याकडून मिळत नाही. युरेथेनचा बॉल अनेकांना आवडतो, मात्र तो लेनची पकड लवकर घेतो, त्यामुळे लेनचा पुढचा भागच कोरडा पडला असेल तर माझ्या मते तो योग्य उत्तर नव्हे. उरतो तो सौम्य रिॲक्टिव्ह पर्ल, म्हणजे रिॲक्टिव्ह रेझिनचे चकचकीत, पुढच्या भागात घसरत जाणारे आवरण असलेला बॉल, आणि ट्रॉपिकल सर्ज हा नेमका त्या जातीचा आहे.

मी १५ पौंडांचा बॉल घेतला. त्याच्या आत सममित आकाराचा कँबर नावाचा कोअर (गाभा) आहे, आरजी (वजन केंद्रापासून किती दूर पसरले आहे हे सांगणारा आकडा) २.५७ आणि डिफरन्शियल (बॉलच्या वेगवेगळ्या अक्षांवरील आरजीतला फरक) अवघे ०.००९ आहे. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार आरजी २.४६ ते २.८० या मर्यादेत असावा लागतो आणि डिफरन्शियल ०.०६० च्या वर चालत नाही. तीव्र हुकसाठी बनवलेल्या बहुतेक बॉलचा आरजी २.५५ च्या आत असतो, त्यामानाने २.५७ हा वरचा आकडा आहे, म्हणून हा बॉल गडगडायला उशिरा लागतो आणि फिरकी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवतो. प्रत्यक्ष खेळातही हेच दिसते. तो लेनचा पुढचा भाग निमूटपणे पार करतो आणि शेवटी झटका न देता एकसंध कमानीत पॉकेटकडे वळतो. एखादी फेक एक-दोन बोर्ड (लेनच्या फळ्या) बाहेर पडली तरी त्याची दिशा भलतीकडे जात नाही, आणि कोरड्या लेनवर हा गुण मला जास्तीच्या हुकपेक्षा मोलाचा वाटतो.

ड्रिलिंगच्या बाबतीत मात्र प्रो-शॉपमध्ये (बॉलला भोके पाडून देणाऱ्या दुकानात) लेआउटवर, म्हणजे भोके कोअरच्या मानाने कुठे पाडायची यावर, जितकी चर्चा रंगते तितकी या बॉलला गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पिन (इथे कोअरच्या टोकाची जागा दाखवणारी बॉलवरची खूण) आणि खेळाडूचा पॉझिटिव्ह ॲक्सिस पॉइंट (सोडलेला बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचे पृष्ठभागावरचे टोक) यांतील अंतर ३⅜ इंच ठेवल्यास फ्लेअर, म्हणजे लेनला टेकणारा पट्टा फेरीगणिक सरकत जाणे, सर्वाधिक मिळतो, आणि ते शून्याकडे किंवा ६¾ इंचांकडे नेले की तो घटत जातो. परंतु डिफरन्शियलच इतके कमी असताना मुळात घटवण्याजोगा फ्लेअर जेमतेम असतो. मी पिन बोटांच्या वर आणि ॲक्सिस पॉइंटपासून सुमारे ५ इंचांवर ठेवून घेतली, कारण त्यामुळे वळण थोडे उशिरा येते. तीच पिन बोटांखाली घेतली असती तर फरक पडला असता, पण तो पृष्ठभागाच्या पॉलिशने पडणाऱ्या फरकाहून लहान असता. पूर्वी फ्लेअर आणखी कमी करण्यासाठी जादा बॅलन्स होल पाडता येत असे. १ ऑगस्ट २०२० पासून अधिकृत स्पर्धांमध्ये ती सोय बंद झाली असून पकडीसाठी न वापरलेले भोक चालत नाही. सौम्य कोअर मुळातच निवडून घेण्याला त्यामुळे आता अधिक महत्त्व आले आहे. एक गोष्ट मात्र ड्रिल करणाऱ्याकडून आवर्जून तपासून घ्यावी: फ्लेअर कमी असल्याने बॉल जवळजवळ एकाच पट्ट्यावर फिरतो, आणि तो पट्टा अंगठ्याच्या किंवा बोटांच्या भोकांवरून जात असेल तर प्रत्येक फेरीला खटका बसून बॉलची चाल बिघडते.

खरी मेहनत मापात घ्यावी. कोरड्या लेनवर बॉल थोडा वेगाने सोडावा लागतो, आणि अंगठ्याचे भोक सैल असेल तर खेळाडू नकळत मुठीत आवळतो, वेग कमी होतो, हात बॉलच्या वर जातो आणि बॉल नको तिथेच वळू लागतो. म्हणून स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांतले अंतर) ताणलेला नसावा, अंगठ्याचे स्लग (त्या भोकात बसवायचा तुकडा) प्रत्यक्ष अंगठ्याच्या आकाराप्रमाणे किंचित लंबगोल करून घ्यावे आणि पिच (भोकाचा तिरपा कल) ठरवताना हाताची लवचिकता पाहावी. तळव्याच्या बाजूला झुकलेला पिच पकड वाढवतो, उलट बाजूचा अंगठा लवकर मोकळा करतो. एक अष्टमांश इंचाचा बदलही हाताला जाणवतो. भोकाच्या कडा गुळगुळीत बेव्हल करून घेणे हे किरकोळ वाटले तरी त्वचा वाचवते. फिंगरटिप ग्रिपसाठी (बोटांची फक्त टोके आत जाणाऱ्या पकडीसाठी) बोटांचे इन्सर्ट बसवून घेतले आहेत. त्याविषयी वेगळे सांगण्याजोगे काही नाही.

देखभाल सोपी आहे, पण टाळून चालत नाही. पॉलिश केलेला पृष्ठभाग घर्षणाने हळूहळू खरबरीत होतो, मग बॉल आधीसारखा लांब जात नाही आणि पुन्हा पॉलिश करावे लागते. अरुंद पट्ट्यावर तेल साचत असल्याने प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबर कापडाने तो पुसावा. अधिकृत स्पर्धेत २०१९ पासून द्रव क्लीनर वापरण्यास मनाई आहे, तेव्हा कोरड्या कापडावरच भागवावे लागते.

भरपूर तेल असलेल्या लेनवर हा बॉल काही कामाचा नाही; तो वळण्याआधीच पिनांशी पोहोचतो. मध्यम तेलावर, वेगाने फेकणाऱ्या खेळाडूलाही तो तोकडा पडतो. ज्याचा वेग बेताचा पण फिरकी भरपूर आहे, त्याने पहिल्या बॉलनंतर लगेच घेण्याजोगा हा दुसरा बॉल आहे, आणि त्याच्यासाठी लेआउटपेक्षा अंगठ्याच्या मापावर प्रो-शॉपचा अर्धा तास जास्त खर्च झाला तरी हरकत नाही.