डॅशकॅम नजर अडवतो का? काचेवर लागणाऱ्या चार प्रकारांची पारख

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर लावून रस्ता चित्रित करणारा कॅमेरा. तो नजर अडवतो का, याचं उत्तर आधी सांगतो. ३-४ सेंमी रुंदीचा, बिनस्क्रीनचा कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे नीट लावला, तर चालकाची नजर अडत नाही. ९-१० सेंमी रुंदीचा स्क्रीनवाला डबा काचेच्या मध्यावर चिकटवला, तर अडते, आणि तीही स्कूटरवाल्यासकट अख्खी स्कूटर लपेल इतकी. बाजारातले बाकीचे सगळे कॅमेरे या दोन टोकांच्या मधले.

असं का होतं, हे बसल्या जागी पाहता येतं. हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या भिंतीकडे बघा. अंगठा पारदर्शक झाल्यासारखा वाटेल आणि मागचं सगळं दिसेल. आता एक डोळा मिटा. भिंतीचा तेवढा तुकडा गायब होतो. माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर साधारण ६.३ सेंमी असतं. त्याहून अरुंद वस्तू ठरावीक अंतरापलीकडचं काहीही दोन्ही डोळ्यांपासून एकाच वेळी लपवू शकत नाही. त्याहून रुंद वस्तूची सावली मात्र जितकं लांब जावं तितकी पसरत जाते.

आकडे घालून बघू. उजव्या स्टीयरिंगच्या गाडीत चालकाच्या डोळ्यापासून आरशामागची काच साधारण ६५ सेंमीवर येते. तिथे ४ सेंमी रुंदीचा कॅमेरा असेल, तर त्याची आंधळी जागा कॅमेऱ्यापुढे सव्वा मीटरच्या आत, म्हणजे बॉनेटवरच, संपते. तिथेच ९ सेंमीचा डबा असेल, तर २० मीटरवर जवळजवळ ९० सेंमीचा पट्टा दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. स्कूटर आणि वरचा माणूस मिळून ७०-७५ सेंमी. ताशी ४० किमी वेगाने हे २० मीटर पावणेदोन-दोन सेकंदांत संपतात.

एक मोठा अपवाद आहे. मोतीबिंदूमुळे किंवा दुसऱ्या कारणाने ज्यांचा एक डोळा अधू आहे, त्यांना दोन डोळ्यांचा हा फायदा मिळत नाही. त्यांच्यासाठी ४ सेंमीचा कॅमेराही २० मीटरवर सव्वा मीटर झाकतो. अशा चालकाने कॅमेरा पूर्णपणे आरशाच्या आडोशालाच लावावा, त्यात तडजोड करू नये.

गोव्यात हा प्रश्न महामार्गापेक्षा आतल्या रस्त्यांवर जास्त बोचतो. बार्देश-सासष्टीतल्या गावरस्त्यांना दोन्ही बाजूंनी वई नाहीतर चिऱ्यांचा गडगा, वळणावर बहिर्गोल आरसा, आणि डावीकडच्या पायवाटेवरून अचानक बाहेर येणारी भाड्याची स्कूटर, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. आपला आतला आरसा चालकाच्या डाव्या हाताला असतो. त्यामुळे डावीकडून मिळणारा जोडरस्ता, डाव्या कडेने चालणारा माणूस आणि वळणाआडची गाय ही सगळी आरशाच्या खालच्या आणि डाव्या बाजूच्या काचेतूनच दिसतात. कॅमेरा लावणारा मेस्त नेमकी तीच जागा मोकळी आहे म्हणून वापरतो. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना डावीकडच्या तीव्र वळणावर नजर वर-डावीकडे जाते, तेव्हा तर आरसा आणि त्याला चिकटलेलं सगळं थेट मध्ये येतं.

आता एकेक प्रकार.

बिनस्क्रीनचा छोटा कॅमेरा आमच्या मते पहिला. गार्मिनचा डॅश कॅम मिनी २ हा याचा चांगला नमुना: सुमारे ५ सेंमी उंच, ३ सेंमी रुंद, मोटारीच्या चावीएवढा. चालकाच्या जागेवरून तो दिसतही नाही, आणि स्क्रीन नसल्याने रात्री डोळ्यांवर उजेडही नाही. अडचण दुसरीच आहे: चित्रीकरण चालू आहे की कार्ड बिघडून बंद पडलं, हे दिव्यावरून नाहीतर मोबाइलवरूनच कळतं. पंधरवड्यातून एकदा मोबाइल जोडून ताजी फाइल उघडून बघायची शिस्त नसेल, तर हा प्रकार घेऊ नका. कोन लावतानाही मोबाइलच लागतो.

दुसरा, पाचरीच्या आकाराचा, २ ते ३ इंची स्क्रीनचा, थेट काचेला चिकटणारा. भारतात साधारण ३ ते ५ हजारांत मिळणारे १०८०पी कॅमेरे बहुतेक याच घडणीचे. पाचर काचेच्या उताराशी जुळते, म्हणून तो खाली लोंबत नाही. रुंदी ७ ते ९ सेंमी असली तरी आरशामागे बसवला की चालकाला त्याचा अर्धाच भाग दिसतो. खोक्यावरची रुंदी इथे फसवते. चालक कॅमेऱ्याकडे तिरकं बघतो, त्यामुळे कॅमेऱ्याची जाडीही रुंदीत मिळते. ८ सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड डबा तिरक्या नजरेला ८ पेक्षा जास्तच वाटतो. घेण्याआधी मोजायचं ते हे. सेटिंगमध्ये स्क्रीन १ मिनिटाने बंद होण्याची सोय आहे का, हेही पाहा. रात्री कुठ्ठाळीच्या पुलावर समोर अंधार आणि कडेला पेटलेली स्क्रीन असली, तर बाहुली आकसते आणि लांबचं कमी दिसतं.

तिसरा, व्हॅक्यूम कपवर दांडी आणि दांडीला डबा. याची शिफारस करत नाही. कप, दांडी आणि कॅमेरा मिळून १० ते १२ सेंमी खाली लोंबतात आणि आरशाच्या सावलीतून हमखास बाहेर पडतात. डबा खड्ड्यात थरथरतो, आणि हलणारी वस्तू डोळ्याला स्थिर वस्तूपेक्षा जास्त खेचते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची काच तापली की कपातली हवा फुगते आणि तो सुटतो. सुटलेला कॅमेरा पायाशी, ब्रेकखाली गेला तर काय होईल हे सांगायला नको.

चौथा, आरशावर पट्ट्याने बांधायचा, मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा स्क्रीनवाला आरसा. दुकानात हाच सगळ्यात आकर्षक दिसतो, कारण काचेवर काहीच चिकटवावं लागत नाही. पण गाडीचा मूळ आरसा साधारण २५ सेंमी रुंद, आणि १२ इंची स्क्रीनवाला त्याहून ५-६ सेंमी मोठा. वाढलेली रुंदी दोन्ही बाजूंना आणि वाढलेली उंची खाली येते. उंच माणसाचे डोळे हॅचबॅकमध्ये आरशाच्या खालच्या कडेच्या रेषेत असतात. त्याच्यासाठी खाली आलेला प्रत्येक सेंटीमीटर महाग. शिवाय आरशातलं प्रतिबिंब डोळ्याला लांबचं वाटतं, तर स्क्रीन ६०-६५ सेंमीवरचीच असते. चाळिशी ओलांडलेल्याला लांबच्या चष्म्यातून ती धूसर दिसते आणि रस्ता, स्क्रीन, रस्ता असा फोकस बदलत राहावा लागतो. मागची सीट सामानाने भरलेली असते अशा गाडीला, किंवा मागची काच नसलेल्या व्हॅनला याचा खरा उपयोग. तिथे घ्या, पण पुढचं भिंग डाव्या बाजूला आहे ना, हे तपासून. उजवीकडे असेल तर ते चालकाच्याच बाजूला बाहेर डोकावतं.

काही गाड्यांत कॅमेरा कंपनीतूनच येतो. ह्युंदाईच्या एक्स्टरमध्ये, २०२३ साली ती आली तेव्हापासून, वरच्या मॉडेलांत दोन भिंगांचा डॅशकॅम मिळतो. वायर आतून गेलेली असते, हा त्याचा मोठा गुण.

कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२५ सांगतं की चालकाच्या गाडीवरच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने काहीही ठेवू देता कामा नये. ते सेंटीमीटर सांगत नाही. माप हवं असेल तर ब्रिटनच्या एमओटी, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचं घ्या: स्टीयरिंगच्या मध्यावर २९० मिमी रुंदीच्या पट्ट्यात, वायपर फिरतो त्या भागात, १० मिमीपेक्षा मोठा अडथळा चालत नाही, वायपरच्या उरलेल्या भागात ४० मिमी. आपल्याकडे ते लागू नाही, पण कसोटी म्हणून चांगलं आहे. स्टीयरिंगसमोरचा तेवढा पट्टा पूर्ण मोकळा ठेवायचाच.

कॅमेरा विकत घेण्याआधीची खरी परीक्षा पुठ्ठ्याची. त्याच्या मापाचा डबा पुठ्ठ्यातून कापून मास्किंग टेपने आरशामागे लावा आणि दोन दिवस गाडी चालवा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार किंवा फोंड्याचं बसस्थानक अशा गर्दीच्या ठिकाणी एक फेरी मारा. डोकं हलवून पुठ्ठ्याआड बघायची गरज एकदाही पडली, तर जागा चुकली आहे. घरात दोघं गाडी चालवत असतील तर दोघांच्या सीटच्या उंचीवरून बघा.

जागा ठरवताना तीन गोष्टी भांडतात. भिंग वायपरच्या फेऱ्यात हवं. नाहीतर जून ते सप्टेंबर नुसते थेंब चित्रित होतील. काचेवर बादलीभर पाणी ओता, वायपर एकदा फिरवा आणि स्वच्छ झालेल्या भागाची कड बाहेरून टेपने आखून घ्या. बऱ्याच हॅचबॅकमध्ये डावा वरचा कोपरा कोरडा होत नाही, आरशामागचा मधला भाग होतो. दुसरं, बेळगाव-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांचा फास्टॅग नेमका तिथेच असतो; त्यावर कॅमेरा चढवू नका, चार बोटं तरी अंतर सोडा. तिसरं, आरशामागे एडासचा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्यासमोर काहीही येता कामा नये. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांवरही चिकटवू नका, खडबडीत असल्याने टेप पुरती बसत नाही.

आपल्या दमट हवेत टेप सुटते ती बहुतेक वेळा घाईमुळे. पावसाळ्यात आधी एसी काचेवर सोडून ती कोरडी करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप २० सेकंद दाबून धरा. आधी फक्त बूड चिकटवा आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा. फोमची ॲक्रिलिक टेप २४ तासांत सुमारे ९० टक्के पकड घेते, पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. काढताना ओढू नका. केस सुकवायच्या यंत्राने गरम करा आणि गळाची तंगूस करवतीसारखी फिरवा, टेप मधून कापली जाते.

नजर अडवण्यात कॅमेऱ्यापेक्षा वायर अनेकदा पुढे असते. काचेवरून तिरकी खाली आलेली वायर ही वळणावर सतत डोळ्यात येणारी काळी रेघ. साडेतीन मीटरची वायर पुरते: कॅमेऱ्यापासून वर छताच्या लायनिंगमध्ये, तिथून काचेच्या डाव्या कडेच्या खांबाकडे, दाराच्या रबरी बीडिंगमधून खाली आणि मॅटखालून सॉकेटपर्यंत. प्लॅस्टिकची पाती वापरा, पेचकस नको. खांबावर एअरबॅगची खूण असेल तर वायर एअरबॅगच्या मागून न्या, पुढून कधीही नाही; एअरबॅग फुटताना पुढची वायर तिच्या आड येते. फ्यूज बॉक्समधून जोडणी घेणार असाल तर चावी फिरवल्यावरच जिवंत होणारा फ्यूज मल्टिमीटरने शोधा आणि गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की कॅमेऱ्याची वीज तोडणारी किट घ्या, सुमारे १२ व्होल्टवर लावून. आणि आत वीज साठवायला बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेलाच कॅमेरा निवडा. मिरामारला दुपारभर उभ्या गाडीत लिथियम बॅटरी फुगते आणि फुगलेला कॅमेरा बूड सोडतो.

कोन लावताना क्षितिज चित्राच्या मध्यावर आणि बॉनेट तळाशी दहाव्या हिश्शाएवढं ठेवा. पावसात काचेवरची वाफ फडक्याने पुसताना हा कोन हमखास हलतो, त्यामुळे कॅमेऱ्याखाली हात जाईल एवढी मोकळी काच राहील असंच बसवा.

एक जाता जाता, पण मनापासून. आरशाला लटकवलेला रोझरीचा क्रूस, लिंबू-मिरची, डॅशबोर्डवरची उंच गणपतीची मूर्ती, यांचीही नजरेआड करण्याची ताकद कॅमेऱ्याइतकीच असते, आणि लटकणारं तर हलत राहतं. श्रद्धेचं स्थान गाडीत असावंच. मूर्ती लहान असावी, डाव्या बाजूला, काचेच्या खालच्या कडेपेक्षा उंच नको. चकचकीत मूर्तीचं प्रतिबिंब काचेत पडून चित्रणातही पांढरा डाग येतो, आणि अपघातानंतर समोरच्या गाडीचा क्रमांक वाचायचा असतो तेव्हा तो डाग बरोबर पाटीवर असू शकतो.