८५० रुपयांचा स्कॅनर: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव (दिवा अजून पेटतोच)

भाऊबीज आटोपून कल्याणहून परत येत होतो. घोटीचा टोल ओलांडला आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा पेटला. म्हणून लिहायला बसलो. नाहीतर ऑगस्टमध्येच पाच तारे देऊन मोकळा होणार होतो.

गाडी २०१४ची, पेट्रोल, बीएस ४, एक लाख बारा हजार किलोमीटर. कंपनीचं नाव घेत नाही, नाशकात दर तिसऱ्या सोसायटीत एक उभी असते. स्कॅनर म्हणजे गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचणारा तो ब्लूटूथवाला निळा ठोकळा, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो, मोबाइलवर ॲप. सगळ्यांनी पाहिलेला आहे, वर्णन करत बसत नाही.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो. गेल्या भाऊबिजेनंतर दिवा पहिल्यांदा पेटला. सर्व्हिस सेंटरला नेली. कोड निघाला पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या नळीतला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, थोडक्यात 'कॅट') कार्यक्षमता मर्यादेपेक्षा कमी. काउंटरवरच्या पोराने आधी मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलायला लावला, ४,२०० रुपये. तीन आठवड्यांनी दिवा परत. मग म्हणाला, "सर, कॅटच गेलंय, ५२,८०० होतील." ज्या गाडीचे आज कोणी दीड लाख देणार नाही, तिच्या सायलेन्सरमध्ये बावन्न हजार! वर जुना कॅट त्यांच्याकडेच जमा करायचा म्हणे. का, विचारलं तर "पॉलिसी आहे सर". आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा मुलामा असतो, आणि भंगारात त्याला काय भाव येतो हे मलाही कळतं. माझा जुना पार्ट मलाच मिळणार नसेल तर बिलातून वजा करा म्हटलं. त्यावर मॅनेजर आला, चहा आला, पैसे काही कमी झाले नाहीत. गाडी घेऊन निघालो आणि त्याच रात्री स्कॅनर मागवला.

पहिले दोन महिने मी या वस्तूवर फिदा होतो. कोड वाचायचा, 'क्लिअर' दाबायचं, दिवा गुल. सर्व्हिस सेंटरला कोड नुसता बघायचेच पैसे पडतात, इथे घरबसल्या फुकट. फेब्रुवारीपर्यंत मी ते बटण नऊ वेळा दाबलं असेन. दर वेळी वाटायचं, गेली पीडा.

आता त्या बटणाबद्दल. मला या अख्ख्या वस्तूत एकच गोष्ट खटकते, आणि ती म्हणजे 'क्लिअर' हे 'रीड'च्या शेजारी, तेवढ्याच आकाराचं, वर लाल रंगात ठेवलंय. एकदा विचारतं "नक्की?" आणि संपलं. ते दाबलं की फक्त दिवा जात नाही. कोड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता, ही सगळी नोंद गाडी साठवून ठेवते, तीही पुसली जाते. इंजिनाने इतके दिवस शिकलेलं पेट्रोलचं गणित जातं, म्हणून पुढचे काही किलोमीटर गाडी सिग्नलला जरा कुरकुरते. आणि स्वतःची तपासणी ती नव्याने सुरू करते. हे सगळं मला कोणी शिकवलं? ॲपने नाही. वडाळा नाक्याजवळच्या मिस्त्रीने, तेही झापून. "भाऊ, तुम्ही पुसून आणता आन् मला म्हणता बघ काय झालंय. काय बघू? पाटी कोरी!"

बायकोला मात्र गंमत फार आधी दिसली होती. "अहो, हा दिवा माझ्या माहेराहून निघालं की मगच पेटतो. गाडीलाही वाईट वाटतं." मी हसण्यावारी नेलं. मग मोबाइलमधले स्क्रीनशॉट तारखेने लावले, तर खरंच! नऊपैकी सात वेळा कल्याणहून परतताना, घोटी ते वाडीवऱ्हे या पट्ट्यात.

याचं कारण कळलं तेव्हा जो आनंद झाला तो ८५० रुपयांत वसूल. कॅटची तपासणी गाडी सतत करत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि काही मिनिटं एकसारखा वेग हवा. माझं रोजचं जाणं इंदिरानगर ते सातपूर, दर दोन मिनिटांनी ब्रेक. त्यात ही तपासणी कधी पूर्ण होतच नाही. मुंबई हायवेला विल्होळी सोडली की गाडीला हवा तसा रस्ता मिळतो. जाताना ती तपासते, नापास करते, पण दिवा लावत नाही, कच्ची नोंद ठेवते. इंजिन थंड होऊन पुढच्या प्रवासात पुन्हा नापास झालं की मगच दिवा. म्हणजे जाताना पेन्सिलीने, येताना शाईने. सासुरवाडीचा दोष नाही.

तर ॲपमध्ये 'मॉनिटर' नावाचं एक पान असतं, तिथे 'कॅटॅलिस्ट'समोर 'पूर्ण' की 'अपूर्ण' ते दिसतं. मी महिनोन् महिने ते उघडलंच नव्हतं. दिवा नाही आणि मॉनिटर अपूर्ण, याचा अर्थ गाडी बरी असा नाही, पेपर अजून झालेला नाही एवढाच. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे पान आधी बघावं. विकणाऱ्याने सकाळीच 'क्लिअर' मारलेलं असेल तर इथे पकडला जातो.

मेमध्ये मिस्त्रीच्या सांगण्यावरून दोन्ही सेन्सरचा आलेख लावून सिन्नरपर्यंत जाऊन आलो. कॅटच्या आधीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर नाचतो, ते बरोबर. मागचा साधारण ०.६–०.७ला शांत बसायला हवा, कारण मधला कॅट ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, चढउतार गिळून टाकतो. माझा मागचा मध्येच धाडकन खाली यायचा. मिस्त्रीने मोबाइलकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, उद्या सकाळी गाडी चालू न करता ढकलत आणा. ढकलत नाही, पण टो करून नेली. थंड इंजिन चालू केलं, पोऱ्याने सायलेन्सरच्या तोंडावर ओला बारदान क्षणभर दाबला आणि मिस्त्रीने सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. कॅटच्या तोंडाशी असलेल्या सांध्यावर बुडबुडे आले, भोवती काजळीचं काळं वर्तुळ. "बघा, इथून शिंकतीये. पॅकिंग उडालंय." धूर बाहेर जातो तशी दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त झाला.

पॅकिंग २८०, दोन स्टड १२०, मजुरी ७००. एकूण अकराशे. त्या ४,२००च्या सेन्सरची आठवण आली की अजूनही पोटात कालवतं. मागचा जुना सेन्सर चांगला होता.

पुन्हा सिन्नरला फेरी मारली, मॉनिटर 'पूर्ण', कोड नाही. जून ते ऑक्टोबर चार वेळा कल्याणला जाऊन आलो, दिवा नाही. मी सोसायटीत भाषणं ठोकली की सर्व्हिस सेंटरवाले लुटारू आहेत.

आणि परवा घोटी.

या वेळी 'क्लिअर' दाबलं नाही. नोंद जशीच्या तशी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. सांधा कोरडा, बुडबुडा नाही. मागचा आलेख आता धाडकन पडत नाही, पण पुढच्याच्या मागे मागे डुलतो. सुस्त झालाय कॅट. मग त्याने डिपस्टिक काढली आणि विचारलं, ऑइल किती खाते? मी खरं सांगितलं, तीन हजारला लिटरभर टाकावं लागतं. सकाळी पहिल्या स्टार्टला थोडा निळा धूर येतो, दोन वर्षं बघतोय. जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस त्या मुलाम्यावर बसत जातो आणि तो हळूहळू निकामी होतो. म्हणजे कॅट मरत नव्हता, मीच त्याला रोज थोडं थोडं विष पाजत होतो, लिटरमागे साडेचारशेचं ऑइल ओतून. आणि काउंटरवरच्या त्या पोराचं अर्धं बरोबर होतं. हे लिहिताना बोटं जड झाली आहेत.

मध्ये एकाने उपाय सुचवला होता. मागच्या सेन्सरखाली स्पेसर लावायचा, सेन्सर धुराच्या प्रवाहातून जरा बाहेर येतो, दिवा कायमचा बंद, चारशे रुपये. दुसरा म्हणाला जाळीच पोकळ करून देतो, पिकअप वाढेल. पिकअप वाढून मला सातपूरच्या सिग्नलवर काय करायचंय? चारशे रुपयांना भुललो होतो हे मान्य, पण दिवा बंद आणि धूर तोच, हे परत 'क्लिअर' बटणच झालं, फक्त लोखंडाचं.

पीयूसीचं विचाराल तर दिवा पेटलेला असताना गाडी पास झाली. बीएस ४ पेट्रोलला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवं, माझं आत आलं. नायट्रोजन ऑक्साइड त्या नळीत मोजतच नाहीत. तेव्हा पीयूसी पास म्हणजे कॅट ठणठणीत असं समजू नका. आणि दिवा स्थिर असेल तर घरी जाऊन बघा, पण लुकलुकत असेल तर बाजूला घ्या. ते मिसफायर असतं. न जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि जाळी वितळते.

स्कॅनरचं राहिलं. घ्या, पण लावून ठेवू नका. सॉकेटच्या सोळाव्या पिनला चावी काढली तरी करंट असतो. आठ दिवस गाडी उभी होती, बॅटरी उतरली, शेजाऱ्याकडून जंप घ्यावा लागला. ठोकळा उजव्या गुडघ्याला लागतो तो वेगळाच. चार तारे देतो, एक त्या लाल बटणासाठी कापला.

मिस्त्रीचा हिशेब असा: आधी व्हॉल्व्ह सील (ऑइल सिलिंडरमध्ये झिरपू न देणारी रबरं), साडेसहा हजार. मग हजार किलोमीटर ऑइल बघायचं. खाणं थांबलं तरच बाहेरचा कॅट, साडेचौदा हजार, जुना पार्ट माझ्या डिकीत. ऑइल खातच राहिली तर नवा कॅटही ती खाणार, मग पैसे घालायचे नाहीत. सोमवारी गाडी टाकतोय. मेव्हण्याच्या घरची वास्तुशांत पुढच्या शनिवारी आहे, पंचवटी एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली आहेत.